जुडी बाजाराची, चिमूट घरची

"दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते, मावशी. तीसुद्धा निवडलेली, मुळं कापलेली. मग कुंडी कशाला?"

हा प्रश्न माझ्या भाच्याचा. नोकरीसाठी तो पुण्याहून बंगळुरूला आला आणि बेळ्ळंदूरला एका उंच इमारतीत नवव्या मजल्यावर राहतो. त्याच्या बायकोला गॅलरीत स्वयंपाकापुरती झाडं लावायची आहेत. त्याला ते पटत नाही. मुलगा हिशेबाने बोलणारा आहे, उगाच नन्नाचा पाढा लावणारा नाही. मी लग्न होऊन सावंतवाडीहून इथे आले, बसवनगुडीत राहते, आणि स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या जागेत कायम काही ना काही लावत आले आहे. रविवारच्या जेवणावर आणि एरवी फोनवर आमचा हा वाद चालतो. त्याचे मुद्दे वजनदार आहेत. गॅलरीत दोन कुंड्या ठेवाव्यात का, असा विचार जिथे होतो त्या प्रत्येक घरात ते निघत असणार. म्हणून वाद जसा झाला तसा मांडते.

"कोथिंबिरीचं तुझं म्हणणं बरोबर आहे," मी त्याला म्हटलं. "कोथिंबीर लावूच नका."

तो थबकला. त्याची सगळी तयारी कोथिंबिरीवरच होती.

"अरे, हिशेब मीही करते. धणे रगडून त्याचे दोन भाग करायचे, पेरायचे. आठ-दहा दिवसांनी कोंब येतात. खुडण्याजोगी व्हायला पाच-सहा आठवडे जातात. आणि बारा इंची कुंडीतून मिळतं किती? एखादी जुडी. एका दिवसाच्या भरल्या वांग्यात आणि कोशिंबिरीत ती संपते. उन्हाळा चढला की ती पानं धरायचं सोडून तुऱ्यावर जाते. एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावावी तर सोटमूळ दुखावतं आणि ती रुसते. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'अर्का ईशा' नावाची कोथिंबीर काढली आहे, ती पुन्हा पुन्हा कापता येते. हौसेला ती लावावी. पण आपल्या घरात कोथिंबीर मुठीने लागते, आणि मुठीने लागणारी वस्तू कुंडीतून पुरत नाही. ती शेतातच व्हायला हवी. कोलार, मालूर, चिक्कबळ्ळापूरचे शेतकरी ती पिकवतात आणि पहाटे मार्केटला आणतात. त्यांच्याकडूनच ती घ्यावी."

"मग आपला वाद कशाचा आहे?"

"चिमटीने लागणाऱ्या पानांचा."

बाग म्हटली की माणसं भाजीपाल्याचा विचार करतात, आणि भाजीपाल्याच्या तराजूत गॅलरी नेहमीच हलकी पडते. फोडणीला कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या लागतात, चहाला गवती चहाची एक पात, ताकाला पुदिन्याची चार पानं, खोकल्याला पानओव्याचं एक पान. एवढंसं कोणी विकत नाही. विकतात ती जुडी. तिच्यातलं चिमूटभर वापरायचं आणि उरलेलं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काळं होऊ द्यायचं.

"कढीपत्ता तर भाजीवाला फुकट देतो," भाचा म्हणाला.

"देतो ना. तो कसा पिकतो ते माहीत आहे? शेतात कढीपत्त्याचं पीक पानासाठीच घेतात. पानाला भोक पडलेलं गिऱ्हाइकाला चालत नाही, त्यामुळे फवारण्या होतात. भारतातून जाणाऱ्या कढीपत्त्यावर कीटकनाशकांच्या अंशांसाठी युरोपियन संघाने जादा तपासणी लावली, ती याच कारणाने. आपल्या भाजीबाजारात तशी तपासणी कोण करतं? आणि आपण कढीपत्ता कसा वापरतो बघ. धुतला न धुतला, थेट तेलात."

यावर तो गप्प राहिला, पण मान्य केलं नाही. चांगला धुतला तर काय बिघडतं, असं त्याचं म्हणणं. थोडंफार खरं आहे. धुण्याने वरवरचं काही जातं. पण माझा मुख्य मुद्दा वासाचा आहे. कढीपत्त्याचा वास त्याच्या पानांतल्या सूक्ष्म तेलकोशांत असतो. पान खुडल्यापासून ते तेल उडायला लागतं. ताजं पान गरम तेलात पडलं की तो वास तेलात उतरतो, आणि तेलातून सगळ्या आमटीत जातो. तीन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत राहिलेलं पान तडतडतं तेवढंच. आमटीत हिरवं काहीतरी तरंगतं, चव मात्र पोचत नाही. ज्यांच्या परसात कढीपत्त्याचं झाड होतं त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. फ्लॅटमध्ये वाढलेल्या पिढीला सांगावा लागतो, कारण तिने बाजारचा कढीपत्ताच खाल्लेला असतो.

"पण कढीपत्ता म्हणजे झाड. कुंडीत कसं येईल?"

"झाड आहे, आणि सावकाश वाढणारं आहे, म्हणूनच ते कुंडीत निभतं. पंधरा-अठरा इंची कुंडी हवी, तळाला भोकं हवीत. इथली लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट, बस. पहिलं वर्ष त्याला हात लावायचा नाही. मग पानं ओरबाडायची नाहीत, शेंडा खुडायचा. एक शेंडा खुडला की खालून दोन फुटतात. माणसं खालची पानं काढत राहतात आणि झाड काठीसारखं उंच होतं. फुलोरा आला तर काढून टाकायचा. डिसेंबर-जानेवारीत इथल्या थंडीने वाढ मंदावते, त्याने घाबरायचं नाही. मार्चमध्ये पुन्हा पालवी येते."

"आणि अळ्या?"

"येतील. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरं त्याच्यावरही घालतात. अळी आधी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवीगार होते. एखादी फांदी तिला द्यायची. मावा किंवा पिठ्या ढेकूण पडला तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण मिसळून फवारायचं, आणि नंतर काही दिवस पानं खुडायची नाहीत."

पुढच्या रविवारी तो पाण्याचा मुद्दा घेऊन आला. हा त्याचा सर्वांत पक्का मुद्दा आहे.

"मार्च २०२४ आठव, मावशी. कूपनलिका आटल्या, आमच्याकडे टँकरसाठी रांग होती. पिण्याचं पाणी बागेला घातलं तर पाच हजार रुपये दंड, असा पाणीपुरवठा मंडळाचा आदेश होता. ज्या शहराला शंभर किलोमीटरवरून, अर्धा किलोमीटर चढवून कावेरीचं पाणी आणावं लागतं तिथे गॅलरीत हौशी बागा करणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं."

"तो आदेश योग्यच होता," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतही पाणी दिवसाआड येत होतं. नंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं, दिवसाला ७७ कोटी ५० लाख लिटर पाणी सुरू झालं, मुख्यतः शहरात मागाहून सामील झालेल्या ११० गावांसाठी. पण हे शहर ९२० मीटर उंचीच्या पठारावर, मोठ्या नदीपासून दूर वसलेलं आहे, ही वस्तुस्थिती कोणत्याच टप्प्याने बदलत नाही. पाण्याचा धाक इथे कायम असलेला बरा.

"पण आदेश पिण्याच्या पाण्याबद्दल होता ना? माझ्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी असतं, डाळ धुतलेलं असतं, भाजी धुतलेलं असतं. पाच-सहा कुंड्यांना दिवसाला दोन-तीन लिटर लागतं. तेवढं स्वयंपाकघरातून आपोआप निघतं. मीठ पडलेलं किंवा साबणाचं पाणी मात्र घालायचं नाही."

"आमच्याकडे त्याहून सोपं आहे. सोसायटीत एसटीपीचं शुद्ध केलेलं पाणी बागेला मिळतं. आरओचं वाया जाणारं पाणीही आहे."

"दोन्ही नकोत!" माझा आवाज जरा चढलाच. "एसटीपीचं पाणी लॉनला, शोभेच्या झाडांना चांगलं. पण जे पान न शिजवता चटणीत जातं त्याला मैलापाण्यावर प्रक्रिया केलेलं पाणी कशाला? आणि आरओच्या टाकाऊ पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. तुमच्या टँकरचं पाणी आधीच जड. महिनोन् महिने ते कुंडीत गेलं की मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. ते पाणी फरशी पुसायला वापर."

ही दोन पाणी घालून झाडं मारलेली आणि मग 'आपल्या हाताला गुण नाही' असं म्हणणारी घरं बंगळुरूत पुष्कळ आहेत. हाताला गुण नसतो असं काही नसतं. पाणी चुकतं, नाहीतर ऊन चुकतं.

उन्हाचंच बघा. भाच्याची गॅलरी दक्षिणेकडे तोंड करून आहे. घर विकणाऱ्याने त्याला सांगितलं, भरपूर ऊन येईल. मे महिन्यात त्याच्या लक्षात आलं की दुपारचं ऊन गॅलरीत येतच नाही. त्याला वाटलं, समोरच्या इमारतीमुळे. कारण वेगळं आहे. बंगळुरू १३ अक्षांशावर आहे. २४ एप्रिलच्या आसपास इथे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी उभ्या काठीची सावली पडत नाही, आणि हा शून्य छाया दिवस शहरात हौसेने पाहिला जातो. त्यानंतर १८ ऑगस्टच्या सुमारापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. या चार महिन्यांत दक्षिणेच्या गॅलरीला दुपारी सावली मिळते, आणि एरवी अंधारलेल्या उत्तरेच्या गॅलरीत ऊन शिरतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी याच्या उलट.

"म्हणजे दक्षिण गॅलरीला उन्हाळ्यात फायदाच," तो म्हणाला.

"हो. २०१६ च्या एप्रिलमध्ये इथे पारा ३९.२ पर्यंत गेला होता. तशा दिवसांत पुदिना दुपारच्या सावलीतच वाचतो. तुझ्या बायकोला सांग, पुदिना आणि गवती चहा वर्षभर चालतील. कढीपत्त्याला चांगलं चार-पाच तास ऊन हवं, त्याला कठड्याच्या जवळ सरकवावं लागेल."

"कठड्यावर काहीही नको," तो एकदम म्हणाला. "नववा मजला आहे. खाली मुलं खेळतात."

इथे त्याचं म्हणणं मी लगेच उचलून धरलं. कठड्याला बाहेरून अडकवलेल्या कुंड्या फोटोत छान दिसतात. ओल्या मातीची बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलोंची होते. ती वाऱ्यापावसात खाली पडली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. कुंड्या जमिनीवर, कठड्याच्या आतच ठेवायच्या, आणि पाणी खालच्या घरात गळू नये म्हणून तळाला ताटली. याला अपवाद करू नये.

मग विषय निघाला तो त्याच्या बायकोने मागवायला ठेवलेल्या 'हर्ब किट'चा. लाकडी पेटी, सहा कप, बेसिल, थाइम, रोजमेरी, ओरेगॅनो, पार्सली, चाइव्ह यांचं बी आणि इटालियन पाककृतींची पुस्तिका. किंमत ऐकून मला भाच्याची बाजू घ्यावीशी वाटली.

"हे बघ, हीच माझी मूळ तक्रार आहे," तो म्हणाला. "ज्यांना वेळ आणि पैसा आहे त्यांचा हा छंद. त्याला आरोग्याचं, निसर्गाचं नाव द्यायचं."

"किटबद्दल तुझं बरोबर. पण छंद पैसेवाल्यांचा, हे चूक. इथल्या सिद्धापूरच्या किंवा श्रीनगरच्या कुठल्याही अरुंद गल्लीतून चाल. दाराशी रंगाचा रिकामा डबा असतो, त्यात दोड्डपत्रे असते. एका खोलीचं घर असलं तरी असते."

दोड्डपत्रे म्हणजे आपला पानओवा. जाड, लवदार, कातरलेल्या कडांचं पान, चुरगळलं की ओव्याचा वास. बी लागत नाही. शेजारणीकडून बोटभर फांदी आणायची आणि मातीत खोचायची. आमच्या शेजारच्या कन्नड काकूंनी मला त्याची तंबुळी शिकवली. दहा-बारा पानं तुपात मऊ होईपर्यंत परतायची, त्यात जिरं आणि चार मिरी, मग ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायचं आणि ताकात कालवायचं. वरून फोडणी. गरम भातावर ही तंबुळी घेतली की उन्हाळ्यात दुसरं काही नको वाटतं. ही पानं बाजारात सहसा मिळत नाहीत, कारण ती विकत घ्यायची असतात असं इथे कुणाला वाटतच नाही. प्रत्येकाच्या दारात ती आहेत. या शहराची स्वयंपाकातली बाग अशीच आहे, जुनी आणि बिनखर्चाची.

जुनी म्हणजे खरोखर जुनी. हैदर अलीने १७६० मध्ये लालबागेची सुरुवात केली. बाग राखणाऱ्या तिगळ समाजाच्या पिढ्या या शहरात भाज्या, फुलं, रोपं करत आल्या. चैत्री पौर्णिमेचा करग, म्हणजे जुन्या बंगळुरूचा सर्वांत मोठा उत्सव, याच माळ्यांच्या समाजाचा आहे. इंग्रजी अमदानीत जॉन कॅमेरॉन १८७४ पासून लालबागेचे अधीक्षक होते. आज इथल्या सांबारात सर्रास पडणारी सीमे बदनेकाई, म्हणजे चौचौ, मूळची मेक्सिकोकडची, त्यांच्या काळात इथे रुजली. १९०८ ते १९३२ लालबाग सांभाळणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल यांनी रस्त्यांना फुलझाडं दिली. लालबागेच्या सिद्धापूर दरवाजाबाहेर अजूनही नर्सऱ्यांची रांग आहे. अलीकडच्या काळात कृषी विद्यापीठातले कीटकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी गच्चीवर भाजी कशी करायची ते शेकडो लोकांना शिकवलं. त्यांच्या गार्डन सिटी फार्मर्सने २०११ मध्ये 'ऊट फ्रॉम युवर तोट', म्हणजे 'तुमच्या बागेतून जेवण', हा मेळा सुरू केला. तिथे बी, खत, रोपं मिळतात. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ज्यांच्या गच्चीवर ती रोपं जगली आहेत अशी माणसं भेटतात. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'डेली डंप' या उपक्रमाचा 'खंबा', म्हणजे एकावर एक ठेवलेली मातीची मडकी, याच शहरातला. त्यात कांद्याची सालं आणि भाजीची देठं टाकून खत करता येतं. हे सगळं असताना लाकडी पेटीतल्या सहा कपांची गरज नाही.

"बेसिल मात्र तिला हवीच आहे," भाचा म्हणाला. "पास्ता आठवड्यातून एकदा होतोच."

"मग वाण्याकडून सब्जा आण. फालुद्यात घालतो तो. तो पेर."

त्याला खरं वाटेना. पण सब्जा म्हणजे बेसिलच्या जातीचंच बी. ऊन असेल तर आठवड्यात उगवतं. पाकिटावर लिहिलेल्या इटालियन वाणाइतकं पान मोठं होत नाही, वास जरा तिखट असतो. पास्त्याला तो चालतो. याच वनस्पतीला इथे कामकस्तूरी म्हणतात आणि गांधी बाजारच्या फुलवाल्या तिच्या डहाळ्या गजऱ्यात गुंफतात. त्याच टोपलीत मरवा असतो. आपल्या आज्या वेणीत माळायच्या तो मरवा, आणि युरोपी स्वयंपाकात मार्जोरम नावाने जातो तोही हाच. टोमॅटोच्या सारात शेवटी दोन पानं चुरडून टाकून पाहावं. मरवा महाग किटमध्ये शोधण्याआधी फुलबाजारात शोधावा.

बेसिल घरी असण्याला एक सरळ कारणही आहे. तिला थंडी सोसत नाही. दहा अंशांच्या खाली ठेवली की पानांवर काळे डाग पडतात, म्हणून विकत आणलेलं पाकीट फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी खराब होतं. जी पानं फ्रिजमध्ये टिकत नाहीत त्यांची जागा कुंडीत. शेंडे खुडत राहिलं, तुरा येऊ दिला नाही, तर एक रोप कित्येक महिने देतं.

रोजमेरीबद्दल मात्र मी बंगळुरूची बाजू अभिमानाने घेते. मुंबईच्या दमट हवेत ती पावसाळ्यात कुजते. इथे पठाराची कोरडी, मध्यम हवा तिला मानवते. तिला पाणी कमी पडून नव्हे, जास्त होऊन मरण येतं, म्हणून मातीत एक तृतीयांश वाळू आणि दोन पाण्यांमध्ये माती सुकू द्यायची. नवीन रोप पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरात आणावं. इथला पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत जास्त असतो हे पुण्याहून आलेल्या माणसाने लक्षात ठेवावं. थाइमचंही तसंच. चाइव्ह आणि पार्सलीवर मी वेळ घालवणार नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला, "पण आम्ही दिवाळीला आठवडाभर पुण्याला जातो. मे महिन्यात पंधरा दिवस. परत येऊन वाळलेल्या कुंड्या बघायच्या?"

या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे. दिवाळीच्या सुमाराला इथे हवा ओलसर असते. कढीपत्ता, गवती चहा, पानओवा, रोजमेरी आठवडा काढतात. पुदिना काढत नाही. बादलीभर पाणी उंचावर ठेवून त्यातून सुती दोरी कुंडीतल्या मातीत खोचली की पाणी झिरपत राहतं. मे महिन्याला ते पुरणार नाही, तेव्हा शेजारी लागतो. पुदिना गेला तरी हरकत नाही. भाजीवाल्याच्या जुडीतल्या जाड दांड्या पेल्यात उभ्या केल्या की आठवड्यात मुळं फुटतात. पण वर्षातला अर्धा काळ विमानात असणाऱ्या माणसाने झाडं लावू नयेत, हे मलाही मान्य आहे.

एवढं होऊनही तो हलेना. शेवटी मी हळदीच्या पानांचा विषय काढला.

"तुझी आई श्रावणात पातोळ्या करायची. आठवतात?"

आठवत होत्या. तांदळाची उकड हळदीच्या पानावर थापायची, मध्ये गूळखोबरं, पान दुमडून वाफवायचं. नागपंचमीला, गौरीला कोकणात या होतातच. गोव्यात ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणालाही होतात. पान काढून टाकलं तरी त्याचा वास उकडीत उतरलेला असतो, आणि तो दुसऱ्या कशाने येत नाही. केळीच्या पानावर केली तर ती पातोळी होत नाही, गोड उकड होते.

"बंगळुरूत श्रावणात हळदीचं पान कुठे मिळतं, सांग. संक्रांतीला मिळतं. तेव्हा ओल्या हळदीची पानांसकट रोपं बाजारात येतात. श्रावणात मात्र शोधत हिंडावं लागतं. तुझ्या दहा मिनिटांत ते येईल?"

त्याने फोन काढून शोधलं. नव्हतं.

"मे अखेरीला हळदीचा डोळे असलेला ताजा कंद घे, दोन इंच खोल पुर. जरा खोलगट, रुंद कुंडी. अर्धं ऊन चालतं. ऑगस्टपर्यंत हातभर पानं होतात. जानेवारीत पानं पिवळी पडली की कुंडी उलटी कर, खाली ओली हळद तयार असते. तिचं लोणचं घाल, आणि एक कंद पुढच्या मेसाठी ठेव. यात पैसे किती वाचले ते मला विचारू नकोस. पैसे वाचवायला हे करायचंच नसतं. इथे राहून घरच्या काही चवी टिकवायच्या असतील, तर त्यांच्यासाठी कुंडी हाच मार्ग आहे, कारण त्यांचा बाजार इथे नाही."

यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हळद आणि कढीपत्ता. बाकी काही नको. आणि कुंड्या कठड्याच्या आत."

मला एवढं पुरेसं वाटतं. पाण्याच्या टंचाईबद्दल, कठड्याबद्दल आणि किटबद्दल तो बरोबर होता. कुंडीचा हिशेब जुडीच्या भावाशी लावण्यात मात्र तो चुकत होता, असं मी अजूनही म्हणते.

वाचकांपैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर पाच-सहा जाती एकदम आणू नका. जूनच्या पहिल्या पावसानंतर कढीपत्त्याचं एक रोप आणा, गुडघ्याएवढं, बुंध्यापासून हिरवं, पिशवीच्या तळातून मुळं बाहेर न आलेलं. सिद्धापूर दरवाजाच्या नर्सऱ्यांत ते सहज मिळतं. पहिलं वर्ष त्याला राहू द्या.